गाठ आणि चौकट : अभ्यासिकेच्या संकेतस्थळाला फ्रेमवर्क कसे बसविले

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मान्यवरांचे विचारप्रवर्तक लेख येत असतात. या वर्षी सचिवांनी मला सांगितले, "ताई, तुम्ही अभ्यासिकेच्या संकेतस्थळाच्या कामात होता. काय केले, कसे केले, तेच लिहा. मुलांच्या कामी येईल." मी बँकेत लिपिक आहे. शिक्षणाने कला शाखेची पदवीधर. संगणकाचे शास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेली नाही. परंतु मंडळाच्या एका विद्यार्थ्यासोबत कित्येक रविवार बसून जे समजले, ते माझ्यासारख्याच बिगर-तांत्रिक वाचकाला समजेल अशा भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. जाणकारांनी उणिवा पदरात घ्याव्यात.

कामाची सुरुवात एका प्रसंगाने झाली. आपल्या अभ्यासिकेत दोन हजारांवर पुस्तके आहेत. त्यांची यादी संकेतस्थळावर होती आणि कोणते पुस्तक कपाटात आहे, कोणते बाहेर गेले आहे, तेही तेथे कळत असे. निदान तशी आमची समजूत होती. एके दिवशी समुद्रपूर तालुक्यातील एका गावाहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी एसटीने वर्ध्याला आली. तिला हवे असलेले पुस्तक आठवड्यापूर्वीच दुसऱ्याने नेले होते. मी म्हटले, "अगं, यादीत बघून यायचे ना!" ती म्हणाली, "ताई, यादी उघडतच नाही. नुसते गोल फिरत राहते." तिचा दिवस गेला आणि भाडेही गेले. आम्ही तिच्याच मोबाईलवर यादी उघडून पाहिली. खरोखरच गोल फिरत होते.

दोष तिच्या मोबाईलचा नव्हता. तो आमच्या पानाचा होता. ते पान उघडण्यासाठी चार एमबीच्या आसपास माहिती उतरवून घ्यावी लागत होती. त्यात कार्यक्रमांची मोठमोठी छायाचित्रे होती, अक्षरांच्या टंकाच्या सहा फाइली होत्या, आणि इकडून-तिकडून उचलून आणलेल्या जावास्क्रिप्टच्या फाइली होत्या, ज्यांतील निम्म्या कशासाठी आहेत हे आम्हालाही सांगता येत नव्हते. ही सर्व भानगड नीट करताना दोन शब्द वारंवार कानी पडले. एक बंडलर आणि दुसरा फ्रेमवर्क. ते दोन्ही समजून घेऊ.

बंडलर म्हणजे काय?

आपला जिल्हा कापसाचा. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, सेलू, देवळी येथील वाचकांना जिनिंग-प्रेसिंग म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शेकडो शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरांतून कापूस येतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. कापसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते. ती रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गिरणीकडे जाते ती गाठ. गिरणीला कोणी सुटा कापूस पाठवीत नाही, कारण त्याने सगळा ट्रक भरेल आणि माल मात्र थोडाच जाईल.

संकेतस्थळाचेही असेच आहे. पान तयार करणारा माणूस आपल्या सोयीसाठी काम अनेक लहान लहान फाइलींत विभागतो. एक फाइल शोधाची, एक यादीची, एक तारखांची. शिवाय इतरांनी लिहून मोफत ठेवलेल्या फाइलींचीही तो मदत घेतो. हे सर्व जसेच्या तसे वाचकाच्या मोबाईलकडे पाठविले, तर मोबाईलला प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे मागवावी लागते. नेटवर्क दुबळे असेल तर प्रत्येक मागणीला वेळ लागतो. बंडलर हा प्रोग्राम या सर्व फाइली गोळा करतो, कोणती कोणावर अवलंबून आहे हे तपासतो, न वापरलेला भाग सरकीसारखा बाजूला काढतो, उरलेल्यातील मोकळ्या जागा आणि शेरे काढून तो दाबतो आणि मोजक्या गाठी बांधून देतो. न वापरलेला भाग काढण्याच्या क्रियेला इंग्रजीत झाड हलविण्याची उपमा दिलेली आहे. वाळलेली पाने गळून पडतात म्हणून. आम्हा वर्धेकरांना सरकीची उपमा अधिक पटते.

बंडलर हे साधन फार जुने नाही. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत तयार केली, तेव्हा ती पानावर किरकोळ हालचाल घडविण्यासाठी होती. पुढे तिच्यात मोठमोठी कामे होऊ लागली आणि फाइलींचा पसारा वाढला. २०१२ साली जर्मनीच्या टोबियास कॉपर्स यांनी वेबपॅक हा बंडलर सुरू केला आणि तो जगभर वापरला गेला. २०२० साली इव्हान यू यांनी आणखी एक साधन आणले. त्याचा उच्चार चक्क 'वीट' असा आहे. तो फ्रेंच भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'लवकर' असा होतो. आमच्या संकेतस्थळावर हीच वीट आधीपासून बसविलेली होती. घराच्या बांधकामाला वीट लागते, तेव्हा नाव लक्षात ठेवायला आम्हाला अडचण पडली नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

फ्रेमवर्क म्हणजे चौकट. पानाचा जो भाग वाचक डोळ्यांनी पाहतो आणि बोटाने हाताळतो, त्या दर्शनी भागाच्या कामाची तयार चौकट म्हणजे दर्शनी फ्रेमवर्क. मोठी नावे तीन आहेत. गुगल कंपनीचे अँग्युलर, फेसबुक कंपनीच्या जॉर्डन वॉक यांनी घडविलेले व २०१३ साली सर्वांसाठी खुले झालेले रिअ‍ॅक्ट, आणि इव्हान यू यांनी २०१४ साली प्रथम प्रसिद्ध केलेले व्ह्यू. वीट आणि व्ह्यू यांचा कर्ता एकच आहे.

या चौकटीचा उपयोग दोन उदाहरणांनी सांगते. दोन्ही माझ्या टेबलावरची आहेत.

पहिले उदाहरण पे-इन स्लिपचे. बँकेत पैसे भरायला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकासाठी आम्ही नवा कागद आखीत बसत नाही. स्लिप छापील असते. नाव, खाते क्रमांक आणि रक्कम तेवढी बदलते. फ्रेमवर्कमध्ये अशा छापील स्लिपला घटक म्हणतात. पुस्तकाचा एक घटक एकदा तयार केला की दोन हजार पुस्तकांसाठी तोच वापरता येतो. बदलते ते फक्त नाव, लेखक, कपाट क्रमांक आणि 'आत आहे की बाहेर' ही नोंद.

दुसरे उदाहरण खतावणीचे. खात्यात नोंद झाली की शिल्लक आपोआप बदलते. पासबुकात, पडद्यावर, दिवसअखेरच्या गोषवाऱ्यात, सगळीकडे तीच नवी शिल्लक दिसते. प्रत्येक ठिकाणी वेगळी खाडाखोड करावी लागत नाही. फ्रेमवर्क हेच काम करते. मूळ माहिती एका जागी ठेवायची. ती बदलली की पानावर जेथे जेथे ती दिसते, तेथे तेथे पान स्वतः बदलते. आमच्या जुन्या पानात हे नव्हते. पुस्तक परत आले की यादीत 'उपलब्ध' दिसे, परंतु वरच्या कोपऱ्यातील एकूण संख्या जुनीच राही. वाचकाने कशावर विश्वास ठेवावा?

मराठी विकिपीडियाचे उदाहरण

फ्रेमवर्क बसविणे ही आपल्यासारख्या लहान मंडळाचीच अडचण आहे असे नाही. मराठी विकिपीडिया आपल्यापैकी अनेकजण वापरतात. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. जगातील सर्व भाषांचे विकिपीडिया मीडियाविकी नावाच्या एकाच प्रणालीवर चालतात. या प्रणालीला स्वतःचा गाठी बांधणारा प्रोग्राम आहे. त्याचे नाव रिसोर्सलोडर. २०११ सालापासून तो फाइली एकत्र करून, दाबून आणि पानाला लागतील तेवढ्याच वाचकाकडे पाठवीत आहे.

म्हणजे विकिपीडियाकडे बंडलर होता, परंतु आधुनिक फ्रेमवर्क नव्हते. ते कोणते घ्यावे यावर तेथील कार्यकर्त्यांत खुली चर्चा झाली. रिअ‍ॅक्टचाही विचार झाला. अखेर २०२० साली व्ह्यूची निवड झाली आणि त्याच वर्षीच्या मीडियाविकीच्या आवृत्तीत ते समाविष्ट करण्यात आले. व्ह्यू मोठ्या बांधणीशिवाय, जुन्या पानात थोडे थोडे करूनही बसविता येते, हा त्याचा मोठा गुण. विकिपीडियाने सर्व पाने एका रात्रीत पाडून नव्याने बांधली नाहीत. सुरुवातीला नव्या मांडणीतील शोधचौकटीसारखी निवडक ठिकाणे घेतली. शोधचौकटीत दोन अक्षरे टाकताच खाली नावांची यादी उमटते ना, ते काम व्ह्यू करते. पुढे विकिपीडियाने बटणे, चौकटी, यादी अशा घटकांचा स्वतःचा संच तयार केला. त्याचे नाव कोडेक्स. हा संच व्ह्यूमध्ये लिहिलेला असून त्याची बांधणी विटेने होते.

यातला आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. जुन्या मोबाईलवर जावास्क्रिप्ट चालले नाही, तरी विकिपीडियाचा लेख वाचता येतो. फ्रेमवर्क ही वरची सोय आहे. मूळ मजकूर तिच्यावर अवलंबून ठेवलेला नाही. आम्ही हीच पद्धत उचलली.

प्रत्यक्ष कृती

आता विद्यार्थ्यांसाठी कृती देते. खालील आदेश येथे उच्चाराप्रमाणे नागरी लिपीत दिले आहेत. संगणकावर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकावे लागतात.

(१) प्रथम सर्व कामाची प्रत ठेवा. गिट येत असेल तर गिटमध्ये नोंद करा. येत नसेल तर निदान फोल्डरची दुसरी प्रत करून तिला तारीख द्या. बँकेत आम्ही दिवसअखेरीचा बॅकअप घेतल्याशिवाय उठत नाही.

(२) संगणकावर नोड हा प्रोग्राम असावा लागतो. त्याच्याबरोबर एनपीएम नावाचा भांडारी येतो. जगभरातील लोकांनी लिहून ठेवलेली पॅकेजेस तोच आणून देतो. फोल्डरमध्ये 'पॅकेज डॉट जेसन' नावाची फाइल आहे ना, ते पाहा. आपल्या कामाला कोणकोणती पॅकेजेस लागतात याची ती यादी आहे.

(३) आता आदेश द्या : 'एनपीएम इन्स्टॉल व्ह्यू'. याने फ्रेमवर्क आले. परंतु विटेला व्ह्यूची भाषा कळत नाही. म्हणून एक दुभाषी लागतो. त्याला प्लगइन म्हणतात. तो आणताना 'इन्स्टॉल'नंतर डॅश आणि मोठे डी हे अक्षर टाकावे. त्याचा अर्थ असा की ही वस्तू फक्त बांधकामापुरती आहे, वाचकाकडे पाठवायची नाही. घर बांधताना पालाड लागते, पण घर झाल्यावर ते कोणी घरात ठेवीत नाही.

(४) विटेची एक मांडणी-फाइल असते. 'वीट डॉट कॉन्फिग' असे तिचे नाव. तीत दुभाष्याचे नाव पहिल्या ओळीत आयात करावे आणि प्लगइनच्या यादीत ते लिहावे. ही पायरी विसरली तर फाइल समजत नाही अशी तक्रार लाल अक्षरांत दिसते. घाबरू नये. तक्रार शेवटपर्यंत वाचावी. बहुतेक वेळा फाइलीचे नाव आणि ओळ क्रमांक तेथेच लिहिलेला असतो.

(५) मुख्य एचटीएमएल पानावर एक रिकामा चौकोन ठेवावा आणि त्याला 'अ‍ॅप' अशी ओळख द्यावी. फ्रेमवर्क येऊन याच चौकोनात बसणार आहे. त्याखाली मुख्य जावास्क्रिप्ट फाइल 'मॉड्यूल' या प्रकाराने जोडावी.

(६) मुख्य फाइलीत तीनच ओळी पुरतात. पहिल्या ओळीत व्ह्यूमधून 'क्रिएट अ‍ॅप' मागवायचे, दुसऱ्या ओळीत आपला मुख्य घटक मागवायचा, आणि तिसऱ्या ओळीत तो घटक त्या चौकोनात 'माउंट' करायचा, म्हणजे बसवायचा. चौकोनाची ओळख आणि येथे लिहिलेली ओळख तंतोतंत सारखी असावी. आमच्या विद्यार्थ्याने एका ठिकाणी मोठे आणि दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षर टंकले होते. पाऊण तास पान कोरेच होते.

(७) व्ह्यूच्या घटकाच्या फाइलीत तीन भाग असतात. पान कसे दिसेल त्याचा आराखडा, ते कसे वागेल त्याचे नियम, आणि रंगरूप. तिन्ही एकाच फाइलीत असल्यामुळे पुस्तकाच्या स्लिपबद्दलचे सर्व काही एका जागी सापडते.

(८) 'एनपीएम रन डेव्ह' हा आदेश दिला की आपल्याच संगणकावर पान दिसू लागते. फाइलीत बदल करून जतन केला की पान लगेच बदलते. या वेळी वीट गाठ बांधीत नाही. फाइली सुट्या सुट्याच देते, म्हणून ती वेगवान असते. काम पूर्ण झाल्यावर 'एनपीएम रन बिल्ड' म्हणावे. आता मात्र गाठी बांधल्या जातात आणि 'डिस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. 'एनपीएम रन प्रिव्ह्यू' म्हणून त्या गाठी तपासून पाहाव्यात आणि मगच डिस्टमधील माल सर्व्हरवर चढवावा. पॅकेजेसचे भलेमोठे फोल्डर सर्व्हरवर चढवू नये.

आमच्या चुका

चुका सांगण्यात कमीपणा नाही. उलट त्यातूनच पुढच्याचा वेळ वाचतो.

पहिली चूक माझी. तयार झालेल्या पानावर एका लेखकाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली. मी उत्साहाने डिस्ट फोल्डर उघडले, तेथील फाइलीत दुरुस्ती केली आणि पान चढविले. पुढच्या रविवारी चूक पुन्हा हजर! कारण प्रत्येक बांधणीच्या वेळी वीट डिस्ट फोल्डर रिकामे करते आणि मूळ फाइलींवरून नव्याने भरते. ग्राहकाच्या पासबुकात पेनाने शिल्लक दुरुस्त केली म्हणून खाते दुरुस्त होत नाही, हे मी इतकी वर्षे काउंटरवर सांगत आले. आणि स्वतः तेच केले. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलीत करावी.

दुसरी चूक दोघांची. घरच्या संगणकावर सर्व ठीक चालले. सर्व्हरवर चढविले आणि पान पांढरे. आपली यादी मुख्य पत्त्याखाली नसून एका उपफोल्डरमध्ये आहे. विटेने मात्र गाठींचा पत्ता मुख्य दारापासून लिहिला होता. पोस्टमन वाड्याच्या दाराशी आला, पण आतल्या खोलीचा क्रमांकच पाकिटावर नव्हता, तसे झाले. मांडणी-फाइलीत 'बेस' या शब्दासमोर उपफोल्डरचे नाव लिहिताच पान दिसू लागले.

तिसरी चूक समजुतीची. बंडलर आला म्हणजे पान आपोआप हलके होईल असे आम्ही गृहीत धरले होते. तसे होत नाही. छायाचित्रे आम्हालाच लहान करावी लागली. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्याचा 'मुक्ता' हा टंक आम्ही वापरतो. त्याच्या सात वजनांपैकी साधे आणि ठळक अशी दोनच ठेवली. छायाचित्रांचे दालन वेगळ्या गाठीत ठेवले. ज्याला ते पाहायचे असेल त्याच्याकडेच ती गाठ जाते. व्ह्यू स्वतः दाबलेल्या स्थितीत पंचवीस-तीस किलोबाइटच्या आतच होते. एवढे सर्व केल्यावर चार एमबीचे पान चारशे केबीच्या आत आले. श्रेय द्यायचेच तर फ्रेमवर्कपेक्षा आवराआवरीला अधिक द्यावे लागेल.

मराठी शोधाची अडचण

एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदविते. 'कऱ्हाड' हा शब्द संगणकावर एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी 'र'खाली नुक्ता देतो, कोणी 'र'चा पाय मोडून न दिसणारे जोडचिन्ह टाकतो. डोळ्यांना सर्व सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते वेगवेगळे शब्द वाटतात. त्यामुळे पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नसे. जावास्क्रिप्टमध्ये 'नॉर्मलाइज' नावाची सोय आहे. तिने पहिले दोन प्रकार एक होतात. तिसऱ्यासाठी आम्ही एका ओळीची स्वतंत्र अदलाबदल लिहिली. यादी आणि वाचकाने टंकलेला शब्द, दोन्ही एकाच साच्यात आणून मग तुलना केली. शोध सुधारला. फ्रेमवर्क कोणतेही घ्या, मराठीची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

दक्षतेच्या तीन बाबी

पहिली बाब परक्या पॅकेजेसची. मार्च २०१६ मध्ये एका कार्यकर्त्याने रागाच्या भरात आपली पॅकेजेस एनपीएमच्या भांडारातून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचे अवघ्या अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी जगभर अडली. जून २०२४ मध्ये 'पॉलिफिल' या नावाने फाइली पुरविणारा एक पत्ता नव्या मालकाच्या हाती गेल्यानंतर त्यावरून घातक मजकूर पाठविला जात असल्याचे उघड झाले. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे तो पत्ता वापरीत होती. यावरून दोन नियम आम्ही घालून घेतले. जमेल तितकी पॅकेजेस कमी घ्यायची, आणि बाहेरच्या पत्त्यावरून थेट फाइल न जोडता ती आपल्या गाठीत बांधून आपल्याच सर्व्हरवर ठेवायची. कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घेतली याची नोंद 'पॅकेज-लॉक' फाइलीत असते. ती व्हाउचरसारखी जपावी, फेकू नये.

दुसरी बाब गुप्ततेची. गाठीत बांधलेली प्रत्येक गोष्ट वाचकाच्या मोबाईलवर जाते. थोडी माहिती असणारा कोणीही ती उघडून वाचू शकतो. दाबलेली फाइल म्हणजे कुलूप लावलेली फाइल नव्हे. म्हणून पासवर्ड, सभासदांचे फोन क्रमांक, शिष्यवृत्तीधारकांची खाती, जातीच्या दाखल्यांचे तपशील यांपैकी काहीही दर्शनी भागात ठेवू नये. पुस्तक कोणी नेले हेही आम्ही दाखवीत नाही. ते बाहेर आहे आणि कधी अपेक्षित आहे, एवढेच दाखवितो. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही ठेवीसारखी असते.

तिसरी बाब अशी की फ्रेमवर्क चालले नाही तर काय? व्ह्यू त्या चौकोनात बसताना चौकोनातील आधीचा मजकूर काढून टाकते. याचाच आम्ही उपयोग केला. चौकोन रिकामा न ठेवता त्यात अभ्यासिकेची वेळ आणि साध्या यादीचा दुवा लिहून ठेवला. ज्याच्या मोबाईलवर व्ह्यू चालेल त्याला शोधासह नवी यादी दिसेल. ज्याच्यावर चालणार नाही, त्याला निदान साधी यादी मिळेल. नुसते गोल फिरत राहणार नाही.

फ्रेमवर्क घ्यावेच का?

प्रत्येक वेळी घ्यावे असे मुळीच नाही. मंडळाचा इतिहास, कार्यकारिणीची नावे, कार्यक्रमाची सूचना, अशा पानांना फ्रेमवर्क लागत नाही. साधे एचटीएमएल पुरते, आणि ते अनेक वर्षे टिकते. जेथे माहिती सतत बदलते आणि वाचकाला शोधायचे, निवडायचे असते, तेथेच चौकटीचा उपयोग. आम्ही यादीच्या एका पानालाच व्ह्यू बसविले. बाकीची पाने जशी होती तशीच आहेत. फॅशन म्हणून फ्रेमवर्क घेणाऱ्याला त्याची देखभालही करावी लागते. आवृत्त्या बदलतात आणि जुने नियम मोडतात. काम करणारा विद्यार्थी नोकरीला बाहेरगावी गेला तर मागे कोणी जाणता उरावा लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक पायरी एका वहीत मराठीत लिहून ठेवली आहे. ती वही अभ्यासिकेच्या टेबलाच्या खणात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या विद्येला मोठी फी किंवा मोठे शहर लागत नाही. व्ह्यू, वीट, नोड ही सर्व साधने मोफत आणि खुली आहेत. लागतो तो एक साधा संगणक, कामचलाऊ इंग्रजी आणि चूक झाल्यावर तक्रार शेवटपर्यंत वाचण्याची सवय. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या लिपिकाला जे जमले, ते तुम्हाला याहून लवकर जमेल.

ती समुद्रपूर तालुक्यातील मुलगी आता घरूनच यादी पाहते. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा पुस्तक कपाटात होते. ते घेऊन ती दुपारच्या गाडीने परत गेली. आपल्या दृष्टीने कामाची पावती तीच. ज्यांना हे काम शिकावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. संगणक एकच आहे, परंतु त्याभोवती चौघे-पाचजण सहज बसू शकतात.